नोट नाशिकची, राज्य कराचीचे

गेल्या अंकात चिंतामणराव देशमुखांवर एक छोटे टिपण छापले होते. त्यात जाता जाता एक वाक्य येऊन गेले, की ऑगस्ट १९४७ पासून पुढचे साडेदहा महिने रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर या नात्याने देशमुख एका नव्हे, तर दोन देशांचे चलन सांभाळत होते. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या, आय.सी.एस. परीक्षेत पहिल्या आलेल्या आणि पुढे अर्थमंत्री झालेल्या माणसाच्या चरित्रात हा तपशील किरकोळ आहे, असे लिहिताना मला वाटले होते. वाचकांना तसे वाटलेले नाही. काहींनी सरळ अविश्वास व्यक्त केला आहे, काहींनी घरातल्या आठवणी कळवल्या आहेत आणि एकांनी चक्क पुरावाच पाठवला आहे. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तर देत आहे. विषय एकच असल्यामुळे उत्तरे एकमेकांत गुंतली आहेत, म्हणून ती शक्यतो क्रमाने वाचावीत.

प्रश्न : माझे आजोबा रेल्वेत होते आणि १९४८ च्या पावसाळ्यात कराचीहून बोटीने मुंबईस आले. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत दोन रुपयांची एक नोट मिळाली. तिच्यावर सहाव्या जॉर्जचे चित्र आहे, ‘रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया’ असे नाव आहे आणि त्याच नोटेवर ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ असेही छापलेले आहे. ही नोट खरी की कोणी केलेली गंमत? सोबत छायाचित्र जोडले आहे. (वाचक, कल्याण)

उत्तर : अशा नोटा खरोखरच चलनात होत्या. १ एप्रिल १९४८ पासून रिझर्व्ह बँकेने पाकिस्तानसाठी वेगळ्या खुणेच्या नोटा काढल्या. चित्र, कागद, रंग, सारे हिंदुस्थानच्या नोटेचेच होते. भर पडली ती फक्त इंग्रजीतील ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि उर्दूतील ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ या दोन ओळींची. दोन, पाच, दहा आणि शंभर रुपयांच्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या होत्या. एक रुपयाची नोट ही कायद्याने सरकारची नोट असते, तीही याच पद्धतीने निघाली. या नोटा नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या गेल्या, कारण नोटा छापणारे दुसरे मुद्रणालय त्या वेळी उपखंडात नव्हते. हे मुद्रणालय १९२५ सालचे आहे आणि १९२८ पासून तेथे नोटा छापल्या जात होत्या. फाळणीत ते भारताकडे राहिले.

नाशिकचा हा संबंध नोटांच्या आधीपासूनचा आहे. पाकिस्तानची पहिली टपाल तिकिटे १ ऑक्टोबर १९४७ रोजी विक्रीस आली, ती म्हणजे आपल्याच तिकिटांवर ‘पाकिस्तान’ हा शब्द वरून छापलेली तिकिटे, आणि ते कामही नाशिकलाच झाले. नाण्यांची गोष्ट मात्र वेगळी. लाहोरला युद्धकाळात उभारलेली टांकसाळ होती, ती पाकिस्तानच्या वाट्यास गेली. त्यामुळे १ एप्रिल १९४८ रोजी रुपयापासून पैशापर्यंतची सात नाणी त्या देशाने स्वतःची म्हणून काढली. नाणे स्वतःचे आणि नोट शेजाऱ्याच्या छापखान्यातली, अशी ती स्थिती होती.

आता ही नोट आजोबांच्या ट्रंकेतच का राहिली, याविषयी माझा एक तर्क आहे. पाकिस्तानची खूण असलेली नोट केवळ पाकिस्तानात कायदेशीर चलन होती, भारतात ती कोणी स्वीकारण्यास बांधील नव्हते. उलट बिनखुणेची भारतीय नोट त्या काळात काही मुदतीपर्यंत तिकडेही चालत असे. कराचीच्या धक्क्यावर पगाराचे पैसे घेऊन बोटीत चढलेल्या माणसास मुंबईत भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर हमालाने ती नोट परत केली असेल, तर नवल नाही. संग्राहकांच्या बाजारात साध्या जुन्या नोटेवर मागाहून छाप मारलेले बनावट नमुनेही फिरतात. खऱ्या नोटेवर त्या दोन ओळी मूळ छपाईतच आलेल्या असतात, शिक्क्यासारख्या वर बसलेल्या दिसत नाहीत. नुसत्या छायाचित्रावरून निकाल देणे बरे नव्हे. नोट प्लास्टिकच्या चिकट आवरणात न घालता एखाद्या जाणकार नाणकतज्ज्ञास प्रत्यक्ष दाखवावी.

प्रश्न : नवा देश आपला ध्वज, राष्ट्रगीत, मंत्रिमंडळ पहिल्या दिवशी तयार ठेवतो, मग स्वतःची मध्यवर्ती बँक का ठेवू शकत नाही? शेजारच्या देशाच्या बँकेवर, त्यातही ज्याच्याशी वैर आहे त्याच्या बँकेवर, विसंबून राहणे हा शहाणपणा होता की नाइलाज? (अर्थशास्त्राचा विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : सुरुवातीला तो शहाणपणा होता, पुढे तो नाइलाज झाला आणि साडेदहा महिन्यांत दोन्ही पक्षांना नकोसा झाला.

फाळणीची योजना ३ जून १९४७ रोजी जाहीर झाली आणि सत्तांतर झाले १५ ऑगस्टला. मध्ये जेमतेम अडीच महिने. एवढ्या अवधीत ध्वज शिवून होतो, मध्यवर्ती बँक होत नाही. या बँकेची कामे कोणती, ते पाहा. ती नोटा काढते आणि त्यांच्यामागे सोने, परकीय चलनाचे रोखे व सरकारी कर्जरोखे तारण म्हणून बाळगते. ती सरकारचे खाते सांभाळते, म्हणजे कर गोळा होतो तो तिच्याकडे आणि पगाराचा धनादेश वटतो तोही तिच्याकडे. इतर बँका अडचणीत आल्या की त्यांना ती उचल देते, आणि परदेशांशी होणाऱ्या देवघेवीत रुपयाची किंमत टिकवून धरते. यांतील प्रत्येक कामासाठी अनुभवी माणसे लागतात, जिल्ह्याजिल्ह्यांच्या ट्रेझरीत नोटांनी भरलेल्या तिजोऱ्या लागतात आणि हिशेबाच्या वह्या लागतात. कराची व लाहोर येथे रिझर्व्ह बँकेच्या कचेऱ्या होत्या. पूर्व बंगालसाठी ढाक्याची कचेरी नव्याने उघडावी लागली. पण या सर्वांचे सूत्रसंचालन मुंबईच्या मध्यवर्ती कचेरीतून होई.

म्हणून १४ ऑगस्ट १९४७ च्या आदेशाने असे ठरले, की ३० सप्टेंबर १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक म्हणून काम पाहील. नव्या नोटा तयार होईपर्यंत भारतीय नोटाच पाकिस्तानात चालतील, मग खुणेच्या नोटा येतील, आणि मुदत संपली की पाकिस्तान आपली बँक उघडेल. ही कल्पना अगदीच नवखी नव्हती. ब्रह्मदेश १९३७ साली हिंदुस्थानापासून प्रशासकीय दृष्ट्या वेगळा झाला, तेव्हाही त्याचे चलन रिझर्व्ह बँकेकडेच राहिले होते आणि ‘केवळ ब्रह्मदेशात कायदेशीर’ अशा अर्थाचा छाप मारलेल्या नोटा त्या वेळी काढल्या गेल्या होत्या. मुंबईच्या कचेरीला हा धडा ठाऊक होता. फरक एवढाच, की ब्रह्मदेश व हिंदुस्थान या दोहोंवर तेव्हा एकच साम्राज्य होते आणि भांडण झालेच तर लंडनला जाऊन मिटवता येई.

वाटणीचा मुख्य दंडक समजून घेण्यासारखा आहे, कारण पुढचे सारे वाद त्यातून निघाले. नोट हे बँकेचे देणे असते. ‘वाहकास इतके रुपये देण्याचे मी वचन देतो’ असे गव्हर्नर लिहून देतो, ते शोभेसाठी नव्हे. तेव्हा पाकिस्तानात फिरणाऱ्या नोटांची जबाबदारी जर नवी बँक उचलणार असेल, तर त्या नोटांमागचे सोने-रोखेही तिला मिळाले पाहिजेत. खुणेच्या नोटांचे गणित सोपे होते, कारण त्या मोजून दिलेल्या होत्या. बिनखुणेच्या भारतीय नोटा तिकडे नेमक्या किती आहेत, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. लाखो माणसे दोन्ही दिशांना कमरेला नोटा बांधून चालली होती, आणि नोटेवर मालकाचे गाव लिहिलेले नसते. म्हणून ठरले असे, की पाकिस्तानने आपल्या हद्दीतील भारतीय नोटा गोळा करून परत कराव्यात आणि जितक्या परत येतील तितक्यांचे तारण रिझर्व्ह बँकेने द्यावे. शेतजमिनीची खातेफोड ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको, की गटाचे क्षेत्र ठाऊक असूनही मोजणीच्या दिवशी बांधावर काय होते.

संयुक्त व्यवस्थेत खरी मेख होती ती सरकारच्या खात्याची. पाकिस्तान सरकारचे पैसे ज्या बँकेत, त्या बँकेला भारत सरकारचा आदेश झाल्याशिवाय भारताच्या खात्यातून पाकिस्तानच्या खात्यात काही वळवता येत नव्हते. जानेवारी १९४८ मध्ये रोख शिलकेचा प्रसंग उद्भवला, त्याविषयी पुढच्या प्रश्नात सविस्तर येईलच. तेव्हा दिल्ली रिझर्व्ह बँकेवर दडपण आणते असा आरोप कराचीतून, म्हणजे पाकिस्तानच्या तेव्हाच्या राजधानीतून, झाला. शत्रूने दडपण आणले नाही, असे गृहीत धरले तरी ज्या बँकेवर ते आणता येण्याजोगे आहे, तिच्यात आपला पगार ठेवणे कोणत्याही सरकारला रुचणार नाही. मुदत तीन महिने अलीकडे ओढून ३० जून १९४८ करण्यात आली.

१ जुलै १९४८ रोजी कराचीत स्टेट बँक ऑफ पाकिस्तानचे उद्घाटन जीनांच्या हस्ते झाले. भांडवल तीन कोटी रुपये, त्यांपैकी ५१ टक्के सरकारचे व ४९ टक्के खासगी भागधारकांचे. पहिले गव्हर्नर झाहिद हुसेन हे आधी दिल्लीत पाकिस्तानचे उच्चायुक्त होते, म्हणजे वाटणीची भांडणे त्यांनी समोरासमोर बसून केलेली होती. आर्थिक क्षेत्रातील आपल्या सार्वभौमत्वाचे हे प्रतीक आहे, असे जीनांनी त्या दिवशी सांगितले. प्रकृती पार ढासळलेली असताना केलेले ते त्यांच्या अखेरच्या काही भाषणांपैकी एक होते, ११ सप्टेंबरला ते वारले. सार्वभौमत्वाचे प्रतीक उभे राहिले त्या दिवशीही बाजारात फिरत होत्या त्या नाशिकच्याच नोटा. स्वतःच्या नव्या नोटा लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येण्यास ऑक्टोबर उजाडला आणि कराचीतील छापखान्याची कंपनी स्थापन झाली ती १९४९ साली.

प्रश्न : पंचावन्न कोटींचे प्रकरण नेमके काय होते? ती मदत होती, कर्ज होते की दंड? घरोघर चालणाऱ्या वादात प्रत्येक जण आपल्याला हवे ते सांगतो. (वाचक, सातारा)

उत्तर : या एका रकमेवरून मराठीत जेवढी शाई सांडली आहे तेवढी दुसऱ्या कुठल्याही रकमेवरून सांडली नसेल, आणि तरीही ती कुठून आली हे बहुतेकांना ठाऊक नसते. म्हणून हिशेबच मांडतो.

सत्तांतराच्या वेळी अविभक्त हिंदुस्थान सरकारच्या खात्यात सुमारे चारशे कोटी रुपयांची रोख शिल्लक होती. नव्या सरकारला पहिल्या महिन्याचे पगार भागवता यावेत म्हणून १४ ऑगस्टला पाकिस्तानास वीस कोटी रुपये आगाऊ देण्यात आले. उरलेल्या हिश्श्याबद्दल घासाघीस होऊन डिसेंबर १९४७ मध्ये पाकिस्तानचा एकूण वाटा ७५ कोटी ठरला. त्यातून वीस वजा जाता राहिले ५५. तेव्हा ही मदत नव्हती, कर्जही नव्हते. सामाईक खात्यातल्या शिलकेचा तो ठरलेला हिस्सा होता. अशा रकमेला आपल्याकडे वाटणीचे येणे म्हणतात.

मग ती अडवली का गेली? काश्मीरात ऑक्टोबरपासून लढाई सुरू होती. दिलेला पैसा आपल्याच सैन्यावर उलटेल, म्हणून काश्मीरचा प्रश्न सुटेपर्यंत रक्कम देऊ नये, अशी भारत सरकारची भूमिका होती आणि सरदार पटेलांनी ती १२ जानेवारी १९४८ रोजी पत्रकारांसमोर मांडली. ही भूमिका समजण्याजोगी होती. पण करारात काश्मीरची अट लिहिलेली नव्हती, आणि ज्या दिवशी सह्या झाल्या त्या दिवशीही लढाई चालूच होती, हेही तितकेच खरे आहे. १३ जानेवारीस गांधीजींचे उपोषण सुरू झाले. ते दिल्लीतील हिंसाचाराविरुद्ध होते. उपोषण सुटण्यासाठी १८ तारखेला ज्या अटी मान्य झाल्या, त्या सगळ्या दिल्लीतील मुसलमानांच्या सुरक्षिततेविषयी होत्या आणि त्यांत पैशांचा उल्लेख नाही. रक्कम देण्याचा निर्णय मात्र मंत्रिमंडळाने १५ जानेवारीलाच, म्हणजे उपोषण चालू असताना घेतला, आणि गांधीजींच्या शांततेच्या प्रयत्नास हातभार म्हणून आपण हे करत आहोत, असे सरकारने निवेदनात सांगितले. उपोषण पैशांसाठी नव्हते, तरी पैसे उपोषणामुळे सुटले. ही दोन्ही वाक्ये एका वेळी खरी असू शकतात, हे वाद घालणाऱ्यांपैकी कोणालाच मान्य नसते.

आपल्या विषयापुरते महत्त्वाचे आहे ते निराळेच. पैसे सुटले, पण संयुक्त बँकेवरचा विश्वास त्या दोन आठवड्यांत संपला. आधीच्या उत्तरात म्हटलेली ३० जूनची तारीख या जानेवारीतून आली आहे.

प्रश्न : आमचे कुटुंब सिंधमधील शिकारपूरचे. पणजोबांची तेथे सराफी पेढी होती. आमच्यासारखी पेढीवाली माणसे निघून आल्यावर तिकडच्या व्यापाराला पैसा पुरवला कोणी? (वाचक, उल्हासनगर)

उत्तर : काही काळ कोणीच पुरवला नाही.

फाळणीपूर्वी पश्चिम पंजाब व सिंधमधील बँका, विमा कंपन्या आणि सराफी पेढ्या बहुतांशी हिंदू व शीख कुटुंबांकडे होत्या. शिकारपुरी आणि मुलतानी सराफांची हुंडी तर आपल्या मुंबईच्या बाजारातही घरची होती. झवेरी बाजारापासून मस्जिद बंदरापर्यंत मुलतानी हुंडीवर उचल घेतलेले व्यापारी त्यानंतरही कित्येक वर्षे होते. हे लोक निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर केवळ पैसा आला नाही, तर कोणाची पत किती, कोणाच्या कापसावर किती उचल द्यावी, कोणाचा बाप हुंडी बुडवून पळाला होता, हे ज्ञानही आले. ते कोणत्याच वाटणी समितीच्या यादीत नव्हते, म्हणून त्याचा हिस्साही कोणी मागितला नाही.

आकडा सांगायचा तर पाकिस्तानच्या वाट्यास आलेल्या प्रदेशात शेड्यूल्ड बँकांच्या, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या यादीतील बँकांच्या, ६३१ शाखा होत्या. ३० जून १९४८ पर्यंत त्यांतील १९५ उरल्या. म्हणजे स्टेट बँक उघडली त्या दिवशी बँकांची बँक म्हणून तिने ज्यांना सांभाळायचे, त्यांच्यापैकी दोन-तृतीयांशांहून अधिक दारे बंद झालेली होती. बँकांनी मुख्य कचेऱ्या हलवल्या, त्याही परस्परविरुद्ध दिशांना. लाहोरात जन्मलेली पंजाब नॅशनल बँक जून १९४७ मध्येच दिल्लीस आली. उलट हबीब बँक १९४१ साली मुंबईत निघाली होती, ती फाळणीनंतर कराचीस गेली आणि नव्या देशातल्या व्यापाराचा बराच भार सुरुवातीला तिनेच उचलला. कलकत्त्यात जुलै १९४७ मध्ये आदमजी कुटुंबाच्या पुढाकाराने स्थापन झालेली मुस्लिम कमर्शियल बँकही पुढे पाकिस्तानात गेली. अनुभवी कारकुनांचा तुटवडा एवढा होता, की नव्या माणसांना बँकेचे काम शिकवणे हे मध्यवर्ती बँकेच्या पहिल्या कामांपैकी एक ठरले. उद्घाटनाच्या भाषणात जीनांनीही या अडचणीचा उल्लेख केला होता. आपल्याकडे मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर व्याजदर ठरवतो, एवढेच आपण वाचतो. झाहिद हुसेन यांच्यापुढे पहिला प्रश्न खतावणी कोण लिहिणार हा होता.

प्रश्न : निजामाने पाकिस्तानला वीस कोटी रुपये दिले होते, असे आमच्याकडे वृद्ध मंडळी सांगतात. हे खरे आहे का? निजामाचा रुपया तर हाली होता, तो पाकिस्तानात कसा चालला? (वाचक, नांदेड)

उत्तर : खरे आहे, पण ती रक्कम हाली शिक्क्यात नव्हती. हैदराबाद संस्थानाकडे भारत सरकारचे कर्जरोखे होते, त्यांपैकी वीस कोटींचे रोखे निजाम सरकारने पाकिस्तानास कर्जाऊ दिले. म्हणजे भारत सरकारने ज्याची परतफेड करायची, असा कागद भारताच्या प्रतिपक्षाच्या हाती गेला. नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ कराराचा हा भंग आहे, अशी तक्रार दिल्लीने केली आणि संस्थान व भारत यांच्यातील कुरबुरींत तिची भर पडली. मराठवाड्यातील बाजारांत तेव्हा निजामाचा हाली आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार असे दोन रुपये फिरत असत व त्यांचा बट्टा ठरवून व्यवहार होई, हे आपल्याकडच्या वृद्धांना आठवत असेलच. चलन एक आणि राज्य दुसरे, या स्थितीची सवय मराठवाड्याला कराचीच्या कितीतरी आधीपासून होती. सप्टेंबर १९४८ मध्ये लंडनच्या बँकेतील निजामाच्या खात्यातून पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात वळवलेल्या दहा लाख पौंडांचे प्रकरण हे यापेक्षा वेगळे आहे. त्याचा निकाल २०१९ साली लागला.

प्रश्न : देशमुखांवरील टिपणात ‘१४४ चा पेच’ असा उल्लेख होता, त्याचा खुलासा करावा. तसेच या सगळ्या वाटणीचा हिशेब शेवटी मिटला का? (निवृत्त लेखापाल, पुणे)

उत्तर : आपण लेखापाल आहात, तेव्हा त्रैराशिकानेच सांगतो. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले. त्याच्या पाठोपाठ भारतानेही रुपया उतरवला, म्हणजे एका डॉलरला ३ रुपये ३१ पैशांच्या जागी ४ रुपये ७६ पैसे पडू लागले. (पैसे आजच्या हिशेबाने, तेव्हा आणे-पै होते.) पाकिस्तानने आपला रुपया उतरवला नाही, तो ३.३१ वरच ठेवला. ४.७६ ला ३.३१ ने भागा, उत्तर १.४४ च्या आसपास येते. कालपर्यंत बरोबरीचे असलेले दोन रुपये एका रात्रीत शंभरास एकशे चव्वेचाळीस झाले.

हा आकडा कागदावर राहिला असता तर बिघडले नसते. पण तागाची शेती बहुतेक सारी पूर्व बंगालात आणि तागाच्या गिरण्या जवळजवळ सगळ्या हुगळीच्या काठी, अशी फाळणी झालेली होती. सिंध-पंजाबचा कापूसही मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांना लागत होता. कालचा शंभराचा ताग आज एकशे चव्वेचाळीसला घ्यायचा, हे गिरणीमालकांना आणि भारत सरकारला मान्य नव्हते. भारताने नवा दर नाकारला, व्यापार थांबला आणि वर्षअखेरीस भारताकडून जाणारा कोळसाही बंद झाला. पूर्व बंगालच्या शेतकऱ्याचा ताग गोदामात पडून राहिला. त्याच्या खरेदीला पैसा पुरवण्यासाठी पाकिस्तानने नोव्हेंबर १९४९ मध्ये वटहुकूम काढून नॅशनल बँक ऑफ पाकिस्तान उभी केली. त्या देशाची एक प्रमुख व्यापारी बँक ही अशी घाईगर्दीत, एका पिकाच्या अडचणीतून जन्माला आली.

माझ्या मते नव्या देशाचा रुपया खऱ्या अर्थाने स्वतंत्र झाला तो इथे, १ जुलै १९४८ ला नव्हे. तोपर्यंत बँक वेगळी होती तरी दोन्ही रुपये बरोबरीचे असल्याने कलकत्त्याच्या व्यापाऱ्याला नोटेवरची खूण पाहण्याचे फारसे कारण नव्हते. अवमूल्यन न करण्याचा निर्णय आर्थिक दृष्ट्या योग्य होता की नाही, यावर मतभेद आहेत. तो यशस्वी ठरला यात नशिबाचा भाग मोठा होता, कारण जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध सुरू झाले आणि ताग व कापूस यांचे जागतिक भाव चढले. अखेर फेब्रुवारी १९५१ मध्ये भारताने पाकिस्तानी रुपयाचा दर मान्य करून व्यापार करार केला. तेव्हा भारताचे अर्थमंत्री कोण होते, हे गेल्या अंकाच्या वाचकांना सांगणे नको : चिंतामणराव देशमुख. एकेकाळी ज्या नोटांमागे त्यांच्या बँकेचे वचन होते, त्यांच्याच वारस रुपयाची चढी किंमत आता ते दुसऱ्या बाजूने मान्य करत होते. पाकिस्तानने आपला रुपया उतरवला तो पुढे जुलै १९५५ च्या अखेरीस.

आता हिशेब मिटला का, याविषयी. नाही. अविभक्त हिंदुस्थानच्या कर्जरोख्यांची सगळी देणी भारताने आपल्या शिरावर घेतली आणि त्यातील आपला हिस्सा पाकिस्तानने भारतास पन्नास वार्षिक हप्त्यांत द्यावा, असे ठरले होते. साधारणपणे साडेसतरा टक्क्यांचा हिस्सा आणि पहिला हप्ता १९५२ सालचा. तो हप्ता आला नाही. पाकिस्तानचे म्हणणे असे, की रिझर्व्ह बँकेकडून आम्हांला येणारे सोने व रोखे आधी पूर्ण मिळू द्या. आपल्या अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत फाळणीपूर्व कर्जापोटी पाकिस्तानकडून येणे तीनशे कोटी रुपये, अशी नोंद वर्षानुवर्षे चालत आली आहे. पलीकडे स्टेट बँक ऑफ पाकिस्तानच्या ताळेबंदात रिझर्व्ह बँकेकडे असलेली मालमत्ता असे एक सदर असते आणि त्यात सोने, स्टर्लिंगचे रोखे, भारत सरकारचे रोखे व रुपयाची नाणी यांची मोजदाद असते. त्याच्याच जवळ आणखी एक नोंद सापडते : रिझर्व्ह बँकेकडून ज्यांचे तारण येणे आहे, अशा भारतीय नोटा. तिकडच्या गावागावांतून गोळा केलेल्या त्या बिनखुणेच्या, नाशिकच्याच नोटा होत.